जाड पत्र्याचा भरवसा

जुन्या मोठ्या गाडीच्या बॉनेटवर थाप मारून "पत्रा बघा, पत्रा!" म्हणणारं कुणी ना कुणी प्रत्येकाच्या ओळखीत असतं. साठच्या दशकातली शेवरोले इम्पाला, डॉज, प्लिमथ, नाहीतर निदान अ‍ॅम्बेसेडर. गाडी कुठलीही असो, वाक्य ठरलेलं. त्याला जोडून येणारं दुसरं वाक्यही ठरलेलं: "आताच्या गाड्या म्हणजे नुसता डबा. बोट लावलं तरी पोचा पडतो." पवईच्या सोसायट्यांत हे बोलणं मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. बोलणारी माणसं शिकलेली असतात, त्यांतले बरेच इंजिनिअर असतात. तरीही हा भरवसा साफ चुकीचा आहे, असं माझं म्हणणं आहे. तो फक्त जुन्या गाड्यांच्या गप्पांपुरता राहिला असता, तर लेख लिहायचं कारण नव्हतं. पण त्याच भरवशावर आपण आज नव्या गाड्या निवडतो आणि त्याची किंमत जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड पायी ओलांडणाऱ्या माणसाला मोजावी लागते. म्हणून हे लिहायचं.

आधी दोन गाड्या शेजारी उभ्या करू. १९६५ ची इम्पाला ही अमेरिकेतली मोठ्या गाड्यांच्या भरभराटीची गाडी. त्या एका वर्षात ती दहा लाखांहून जास्त खपली. लांबी ५.४१ मीटर, रुंदी दोन मीटरच्या किंचित वर, वजन पावणेदोन टनांच्या घरात. तिच्या शेजारी आजची टाटा पंच: लांबी ३.८३ मीटर, रुंदी १.७४ मीटर, वजन टनाच्या आसपास, इंजिन १.२ लिटरचं, तीन सिलिंडरचं. मुंबईच्या बांधकाम नियमांत मोठ्या गाडीसाठी पार्किंगची जागा धरतात ती ५.५ मीटर बाय २.५ मीटरची. इम्पाला त्यात कशीबशी मावते. पुढंमागं मिळून नऊ सेंटिमीटर उरतात आणि दोन्ही बाजूंना पाव-पाव मीटर, म्हणजे दार उघडून माणसाला धड उतरताही येत नाही. ती जमीन झाकते सुमारे ११ चौरस मीटर. पंच झाकते पावणेसातपेक्षा थोडी कमी. पवईत ११ चौरस मीटर म्हणजे एक बऱ्यापैकी खोली. एवढी जागा अडवून इम्पाला नेते सहा माणसं, पंच नेते पाच. बाकीची सगळी लांबी बॉनेटमध्ये आणि डिकीत गेलेली असते.

हा हिशेब कुणी फारसा नाकारत नाही. "जागा जास्त लागते, पेट्रोल पिते, मान्य, पण जिवाची हमी होती," असं उत्तर येतं. तेव्हा त्या हमीचंच बघू.

पत्र्याचा हा वाद २००९ साली एका चाचणीत मिटला. इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी ही अमेरिकी विमा कंपन्यांनी चालवलेली संस्था. तिला त्या वर्षी पन्नास वर्षं झाली, म्हणून तिनं दोन शेवरोले एकमेकींवर आदळल्या: १९५९ ची बेल एअर आणि २००९ ची मॅलिबू. १९५९ ची बेल एअर आणि त्याच वर्षाची इम्पाला ही एकाच सांगाड्यावरची भावंडं. दोन्ही गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगानं समोरासमोर, ड्रायव्हरच्या बाजूनं निम्म्या-निम्म्या भिडल्या. वजनात दोघींत फार फरक नव्हता. या टकरीची चित्रफीत उपलब्ध आहे आणि ती सावकाश वेगात बघण्यासारखी आहे. बेल एअरचं ते लांबलचक, जाड पत्र्याचं बॉनेट फारसा प्रतिकार न करता दुमडतं. मग काचेच्या कडेचा खांब मागं झुकतो, छत वाकतं, दार चौकटीतून निसटतं, आणि डॅशबोर्ड व स्टिअरिंग एकदम ड्रायव्हरच्या जागी बसवलेल्या बाहुल्यावर चालून येतात. बाहुल्याला पट्टा नाही, कारण त्या काळात तो नसे. मॅलिबूचं नाक पार चेपतं, पण ड्रायव्हरच्या पुढची चौकट जागची हलत नाही आणि एअरबॅगच्या फुग्यावर डोकं टेकतं. संस्थेचा निष्कर्ष होता की बेल एअरचा ड्रायव्हर जागीच गेला असता. मॅलिबूच्या ड्रायव्हरला पायाला दुखापत झाली असती.

असं का होतं, हे समजून घेतल्याशिवाय पत्र्याचा मोह सुटत नाही. धडकेत गाडीला थांबायला जेवढा जास्त अवधी मिळेल, तेवढा आतल्या माणसाला बसणारा हिसका कमी. त्यामुळे गाडीचं नाक चेपलं पाहिजे, आणि माणूस बसतो तो पिंजरा अजिबात चेपता कामा नये. मर्सिडीजमधले इंजिनिअर बेला बारेनी यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ही कल्पना मांडून तिचं पेटंट घेतलं आणि १९५९ साली ती रस्त्यावरच्या गाडीत आली. त्याच साली व्होल्वोच्या निल्स बोलीन यांनी खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा आजचा पट्टा दिला. म्हणजे डेट्रॉइट मोठमोठे पंख असलेल्या गाड्या विकत होतं, तेव्हाच युरोपात दुसरा विचार तयार झाला होता. जुन्या मोठ्या गाडीत स्टिअरिंगची दांडी सरळ पोलादी, पुढून आत ढकलली की छातीच्या रोखानं येणारी. धडकेत मिटणारी दांडी जनरल मोटर्सच्या गाड्यांत आली १९६७ च्या मॉडेलपासून. डॅशबोर्डही पत्र्याचा. अपघातानंतर अशी गाडी ठोकपीट करून पुन्हा उभी राहायची, हे खरंच आहे. तिच्यातली माणसं राहायची नाहीत. नव्या गाडीच्या बंपरला स्कूटर घासली की पोचा पडतो तो याच कारणानं: चेपायचं कुठं आणि किती, हे तिथं आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

इथं एक आक्षेप रास्त आहे. मॅलिबू काही लहान गाडी नाही. पावणेपाच मीटरच्या पुढची सेडान आहे. मग पवईच्या पार्किंगमधल्या चार मीटरच्या आतल्या गाडीला हे कितपत लागू? याचं उत्तर आपल्याच देशात मिळालं, आणि ते आधी फार वाईट होतं. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्या आदळून पाहिल्या: ऑल्टो ८००, नॅनो, आय १०, फिगो आणि पोलो. पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांसाठी शून्य तारे मिळाले. म्हणजे गाडी नवी आहे, लहान आहे, एवढ्यावर काहीच ठरत नाही. पण त्याच वेळी झालेली आणखी एक चाचणी मला जास्त महत्त्वाची वाटते. पोलोचाच दोन एअरबॅग असलेला नमुना आदळला, आणि त्याला चार तारे मिळाले. तीच गाडी, तीच लांबी, तोच पत्रा. तिचा सांगाडा मुळात टिकणारा होता. आत दोन फुगे आल्याबरोबर शून्याचे चार झाले. पुढं २०१८ च्या डिसेंबरात नेक्सॉन ही पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली आणि २०२१ मध्ये पंचलाही प्रौढांसाठी पाच तारे मिळाले. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी सुरू झाली. शून्याचे पाच तारे होणं सात-आठ वर्षांत घडलं ते पत्रा जाड करून नाही. कायदा कडक झाला, चाचणीचे निकाल लोकांसमोर आले आणि गिऱ्हाईक विचारू लागलं, म्हणून घडलं.

अमेरिकेतही हाच अनुभव होता. राल्फ नेडर यांनी १९६५ साली गाड्यांच्या असुरक्षिततेवर जे पुस्तक लिहून खळबळ उडवली, त्याचं पहिलं प्रकरण शेवरोलेच्याच कॉर्वेअर या त्या काळच्या लहान गाडीवर होतं. आकार लहान असल्यामुळे ती धोकादायक नव्हती. तिच्या मागच्या चाकांची रचना सदोष होती. मोठी बेल एअर आणि लहान कॉर्वेअर, दोन्हींचा दोष रचनेचाच.

खरं तर मोठी गाडी की लहान, हा प्रश्न या शहरानं सत्तर वर्षांपूर्वीच सोडवला होता, आणि तोही पवईपासून थोड्याच अंतरावर, कुर्ल्यात. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार होता, त्यामुळे १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडू लागल्या त्या डॉज, डिसोटो आणि प्लिमथ, म्हणजे अस्सल अमेरिकन आकाराच्या गाड्या. शिवडीला जनरल मोटर्स १९२८ पासून शेवरोले जोडत होतीच. पण देशाकडे परकीय चलन नव्हतं आणि पेट्रोल आयातीचं. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशननं स्पष्ट सांगितलं की नुसते सुटे भाग आणून जोडायचे असतील तर गाशा गुंडाळा. भाग इथंच तयार करण्याची योजना दाखवा. जनरल मोटर्सनं शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये बंद केला. प्रीमियरनं मात्र १९५१ मध्येच इटलीच्या फियाटशी हात मिळवला होता. १९५४ पासून फियाट ११०० आली, जिला मुंबईनं प्रेमानं 'डुक्कर फियाट' म्हटलं. १९६४ पासून ११०० डी, आणि सत्तरच्या दशकात तिचीच झाली पद्मिनी.

आज जुनी, दणकट, ऐसपैस गाडी म्हणून जिच्या आठवणी निघतात, त्या पद्मिनीची मापं बघण्यासारखी आहेत. लांबी ३.९३ मीटर, रुंदी १.४६ मीटर, इंजिन १०८९ सीसी, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास, वजन नऊशे किलोंहून थोडं कमी. आजच्या नियमानं ती लहान गाडीतच मोडली असती. तिच्यात मागं तीन-चार, पुढं सलग सीटवर दोन-तीन, मांडीवर मुलं, वर कॅरिअरला बांधलेली वळकटी आणि ट्रंक, असा अख्खा संसार मुंबईहून गावी जाई. गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर, दाराच्या पुढच्या कोपऱ्यात वारा आत वळवणारी तिकोनी काच. बोरघाटात गाडी गरम झाली की बॉनेट उघडून पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि पंधरा मिनिटं थांबायचं, हे ड्रायव्हरशेजारी बसलेल्या मुलालाही माहीत असे. मोठं कुटुंब म्हणजे मोठी गाडी, हे तेव्हाही खरं नव्हतं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चार दशकांचा धंदा या लहान गाडीवर उभा राहिला. ताडदेव आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली.

इम्पालासारख्या गाड्या त्याच काळात मुंबईत दिसत, पण कुणाकडे, हेही आठवायला हवं. आयातीवर कडक निर्बंध होते. वकिलातींतल्या परदेशी अधिकाऱ्यांनी वापरून सोडलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात आणि त्या सिनेनट, गिरणीमालक, संस्थानिक घेत. आपल्याला त्या आठवतात त्या पडद्यावरच्या. मोठ्या गाडीबद्दलचं आपलं प्रेम बरंचसं तिथून आलेलं आहे. त्यातून प्रवास केलेले मोजकेच. खुद्द अमेरिकेनंही १९७३ च्या तेलसंकटानंतर धडा घेतला. १९७७ ची इम्पाला आदल्या वर्षीपेक्षा पाव मीटरहून जास्त आखूड आणि अडीचशे किलोंहून जास्त हलकी करण्यात आली, आणि तरीही आतली जागा कमी झाली नाही.

जुन्या गाडीच्या धुराबद्दल फार लिहायची गरज नाही. शिसं असलेलं पेट्रोल देशातून २००० साली गेलं. धूर गाळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चार महानगरांतल्या नव्या गाड्यांना १९९५ पासून लागला. त्याआधीच्या गाड्यांचा धूर जसाच्या तसा बाहेर येई. पवई तलावाच्या काठानं रोज सकाळी चालणाऱ्याला या फरकाचं मोल वेगळं सांगायला नको.

इथवर निकाल लहान गाडीच्या बाजूनं आहे. आता तिच्या विरुद्ध जाणारा खरा मुद्दा घेतो, कारण तो टाळला तर उरलेलं म्हणणं पोकळ ठरेल. दोन्ही गाड्या आधुनिक असतील, दोन्हींना चांगले तारे असतील, आणि एक जड, एक हलकी असेल, तर समोरासमोरच्या धडकेत जड गाडीतला माणूस जास्त सुखरूप राहतो. २००९ मध्येच त्याच अमेरिकी संस्थेनं यारिसला कॅमरीवर, फिटला अकॉर्डवर आणि स्मार्टला मर्सिडीजच्या सी-क्लासवर आदळून हे दाखवलं. तिन्ही लहान गाड्यांची अवस्था वाईट झाली. भौतिकशास्त्राचा नियम आहे, त्याला इलाज नाही. "मग मी मोठी, जड गाडी घेतली तर काय चुकलं?" हा प्रश्न त्यामुळे प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवं.

माझं उत्तर असं. सुरक्षितता दोन वाटांनी येते. एक रचनेतून: चेपणारं नाक, टिकणारा पिंजरा, पट्टा, फुगे, चांगले ब्रेक. ती मी घेतली म्हणून तुमची कमी होत नाही. उलट माझे ब्रेक चांगले असले तर तुमचाही जीव वाचतो. दुसरी येते वजनातून. माझ्या गाडीचं वजन धडकेत मला जेवढा हिसका वाचवून देतं, तेवढा तो समोरच्याच्या वाट्याला जातो. तिथं नवं काही निर्माण होत नाही, फक्त एकाचं दुसऱ्यावर ढकललं जातं. प्रत्येकानं आपापलं वजन वाढवत नेलं, तर काही वर्षांनी सगळे पुन्हा सारखेच असुरक्षित असतात. गाड्या तेवढ्या महाग आणि जड झालेल्या असतात. आणि ज्याच्याकडे गाडीच नाही, तो या शर्यतीत कधी उतरतच नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. त्यांतली जवळपास ४५ टक्के दुचाकीवर होती आणि साडेएकोणीस टक्के पायी. म्हणजे दर पाचांतले तीनहून अधिक मृत्यू अशांचे, ज्यांच्याभोवती ना जाड पत्रा होता ना पातळ.

लिंक रोडवर हे डोळ्यांसमोर दिसतं. पश्चिम आणि पूर्व द्रुतगती महामार्गांना जोडणारा हा रस्ता, त्यावर मेट्रो ६ चं बांधकाम, पत्र्याच्या अडथळ्यांमुळे आकसलेल्या मार्गिका, कंटेनर, बेस्टच्या बस. आयआयटीच्या मुख्य दरवाज्यापाशी, रामबागला, गांधीनगरच्या चौकात माणसं दिवसभर रस्ता ओलांडत असतात: विद्यार्थी, शाळेतली मुलं, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बाया, हिरानंदानीत घरकामाला निघालेल्या मावश्या. त्यांना कुठल्या गाडीचा धक्का कमी लागेल, हे गाडीच्या पुढच्या घाटावर अवलंबून असतं. २०२३ मध्ये त्याच अमेरिकी संस्थेच्या अभ्यासात आढळलं की ज्या गाड्यांचं बॉनेट जमिनीपासून सुमारे एक मीटरहून उंच, त्यांनी पादचाऱ्याला धडक दिली तर मृत्यूची शक्यता, बॉनेट पाऊण मीटरच्या आत आणि उतरतं असलेल्या गाड्यांपेक्षा, सुमारे ४५ टक्के जास्त असते. ठेंगण्या गाडीची धडक पायांना बसते आणि माणूस बॉनेटवर पडतो. उंच, सपाट नाकाची धडक छातीला आणि डोक्याला बसते, लहान मुलाच्या तर थेट चेहऱ्याला. शोरूममध्ये "रोड प्रेझेन्स" म्हणून जे विकलं जातं, ते रस्त्यावर पायी चालणाऱ्याला असं भोगावं लागतं.

जुन्या मोठ्या गाडीचा मोह आज लहान गाडीच्या आतच शिरलेला आहे, ही माझी सगळ्यांत मोठी तक्रार. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाडीवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं गेलं. लहान म्हणजे लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हाही हीच व्याख्या राहिली: या मापातल्या गाड्यांना १८ टक्के, त्यापुढच्यांना ४० टक्के. नियम लांबी मोजतो, रुंदी नाही, उंची नाही, वजन नाही. मग गाड्या चार मीटरवर थांबल्या आणि बाकी सगळ्या बाजूंनी वाढल्या. नेक्सॉनची रुंदी १.८० मीटर आहे, ब्रेझाची १.७९. पद्मिनी १.४६ ची होती. आजची ही 'लहान' गाडी अ‍ॅम्बेसेडरपेक्षाही रुंद आहे. चांदिवलीच्या किंवा साकीविहारच्या आतल्या एखाद्या गल्लीत दोन्ही कडांना गाड्या लागलेल्या असतात. प्रत्येक गाडी ३४ सेंटिमीटरनं फुगली, तर दोन्ही बाजू मिळून ६८ सेंटिमीटर रस्ता गेला. एक माणूस आरामात चालेल एवढी ती जागा. पूर्वी तिथं तो चालत होता.

पवईकरांना नियमाचा असा पराभव नवा नाही. इथली जमीन १९८६ मध्ये राज्य सरकार, एमएमआरडीए आणि जमीनमालक-विकासक यांच्या त्रिपक्षीय करारानं विकासाला दिली गेली, तेव्हा घरं ४० आणि ८० चौरस मीटरची असावीत, म्हणजे मध्यमवर्गाला परवडतील, अशी अट होती. कागदावर मापं पाळली गेली आणि प्रत्यक्षात घरं एकमेकांना जोडून मोठी झाली, असा आरोप घेऊन लोक उच्च न्यायालयात गेले; २०१२ मध्ये न्यायालयानं ठरल्या मापाची परवडणारी घरं बांधून देण्याचा आदेश दिला. चार मीटरच्या गाडीचं हेच झालं आहे. सवलत लहान असण्यासाठी होती. ती घेतली गेली आणि लहानपण मागं राहिलं. फरक इतकाच, की गाड्यांच्या बाबतीत अजून कुणी न्यायालयात गेलेलं नाही.

जुन्या गाड्यांपासून घेण्यासारखं काही नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. दोन गोष्टी त्यांच्यात निःसंशय चांगल्या होत्या. एक, काचा मोठ्या आणि खांब बारीक, त्यामुळे ड्रायव्हरला चौफेर दिसे. आजच्या जाड खांबांआड वळणावर अख्खा माणूस लपतो. छत टिकवण्यासाठी ते खांब जाड लागतात हे खरं, पण मागची काच एवढीशी करून ठेवण्याचं कारण निव्वळ दिखाऊपणा आहे. दुसरी, दुरुस्ती. पद्मिनीचा प्लग, पॉइंट, कार्बोरेटर कुठल्याही नाक्यावरचा मेकॅनिक खोलून साफ करून देई आणि सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळत. आजच्या गाडीत एक सेन्सर बिघडला तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये संगणक लावल्याशिवाय दोषच कळत नाही, आणि अर्धा भाग बदलायचा असला तरी पूर्ण संच घ्या म्हणतात. याबद्दलचा लोकांचा राग रास्त आहे. पण या दोन्ही गोष्टींचा आकाराशी काही संबंध नाही. त्या लहान, सुरक्षित गाडीतही देता येतात. आपण मागत नाही म्हणून मिळत नाहीत. दोष ओळखण्याची माहिती आणि साधनं बाहेरच्या मेकॅनिकलाही खुली करा, ही मागणी गिऱ्हाइकांनी लावून धरायला हवी.

आणि जुन्या गाड्या जपणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर २०२१ च्या नियमांनुसार तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. रोजच्या वापराला आणि धंद्याला मात्र ती चालवता येत नाही. ही व्यवस्था मला अगदी योग्य वाटते. १९६५ ची इम्पाला हा त्या काळच्या कारागिरीचा आणि आकांक्षांचा दस्तऐवज आहे. तिच्या क्रोमच्या पट्ट्या, मागचे सहा गोल दिवे, दार मिटताना येणारा तो भरीव आवाज, यांचं कौतुक मलाही आहे. ती प्रदर्शनात, रॅलीत, जाणकाराच्या हातात राहावी. रोजच्या रस्त्यावर कुठली गाडी असावी, हे ठरवण्याचा अधिकार तिला देऊ नये.

माझा निकाल असा आहे की आधुनिक लहान गाडी जुन्या मोठ्या गाडीपेक्षा सर्वच महत्त्वाच्या बाबतींत सरस आहे, पण ती खरोखर लहान असेल तरच. म्हणून सरकारकडे मागणं आहे: जीएसटीच्या सवलतीत लांबीबरोबर रुंदी, वजन आणि बॉनेटची उंचीही मोजा. महापालिकेकडे मागणं आहे: पार्किंगचं शुल्क गाडी किती जमीन अडवते त्यावर लावा. आणि पवईतल्या वाचकांना विनंती आहे, कारण हे काम सरकारची वाट न बघता आपल्यालाही सुरू करता येतं. सोसायटीच्या येत्या सर्वसाधारण सभेत पार्किंगचा दर सरसकट न ठेवता गाडीच्या लांबी-रुंदीप्रमाणे ठेवण्याचा ठराव मांडा. गाडीची मापं कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेली असतात. मोजपट्टीसुद्धा लागणार नाही.